पोरांना विचारा, मग परसबाग लावा

पावसाळा सुरू झाला की गावोगावच्या शाळेत वृक्षारोपण होते. सरपंच येतात, नारळ फुटतो, फोटो निघतो, पोरे टाळ्या वाजवतात. पुढच्या वर्षी पुन्हा वृक्षारोपण होते, आणि पुष्कळदा त्याच खड्ड्यात. मधल्या काळात रोपाचे काय झाले हे सगळ्यांना माहीत असते, पण कोणी बोलत नाही.

शेतकरी बंधूंनो, खड्डा कुठे घ्यायचा, झाड कोणते लावायचे, मे महिन्यात शाळेला सुट्टी असताना पाणी कोण घालणार, हे त्या शाळेतल्या पोरांना कोणी विचारलेले नसते. विचारले असते तर सहावीतल्या एखाद्या पोरीने सांगितले असते, ''तिथं नको, तिथं शेळ्या येतात. हात धुतल्याचं पाणी इकडं येतं, इकडं लावा.'' शाळेच्या आवारात दिवसाचे सहा तास पोरेच वावरतात. त्या जागेची त्यांना असते तेवढी माहिती ना सरपंचांना असते, ना आम्हा खात्याच्या माणसांना.

हल्ली शिक्षण खात्याच्या कागदांत 'अनुभवातून शिक्षण' आणि 'नागरिकत्वाचे शिक्षण' असे शब्द वारंवार येतात. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही त्यांच्यावर भर आहे. शब्द मोठे आहेत, पण अर्थ साधा आहे. हाताने करून शिकायचे, आणि चारचौघांत राहून, बोलून, ठरवून गावचा माणूस कसा व्हायचे ते शिकायचे. यात माझे म्हणणे एवढेच आहे की ज्या कामात पोरांनी स्वतः काही ठरवलेले असते आणि गावाने त्यांना उत्तर दिलेले असते, तेच काम त्यांना शिकवून जाते. नुसते सांगून करून घेतलेले काम म्हणजे वेठ. वेठीने कोणी शेतीही शिकत नाही आणि लोकशाहीही शिकत नाही.

शेतीशाळेतला धडा

कृषी खात्याची शेतीशाळा आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. तिचे मूळ १९८९ साली इंडोनेशियात आहे. तिथे भातावर तपकिरी तुडतुड्यांनी धुमाकूळ घातला होता आणि औषध मारावे तसा तुडतुडा वाढतच होता. तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने शेतकऱ्यांचे गट करण्यात आले. दर आठवड्याला गटाने शेतात जायचे, शत्रुकिडी आणि मित्रकिडी मोजायच्या, मोठ्या कागदावर पिकाचे चित्र काढायचे, आपसात चर्चा करायची आणि फवारणी करायची की नाही हे गटानेच ठरवायचे. अधिकाऱ्याने भाषण करायचे नाही, प्रश्न विचारायचे.

आपल्याकडे कपाशीत कामगंध सापळे लावतो तेव्हा हेच चालते. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले की गुलाबी बोंडअळीची नुकसानीची पातळी आली असे समजायचे. हा आकडा मी सभेत दहा वेळा सांगितला तरी घरी जाताना माणूस विसरतो. पण ज्याने स्वतः सकाळी उठून सापळ्यातले पतंग मोजले, तो विसरत नाही. मी सांगितले म्हणून फवारणी थांबवणारा शेतकरी क्वचित भेटतो. स्वतः मोजून थांबवणारे पुष्कळ भेटतात.

मोठ्या माणसांचे शिकणे असे असेल, तर पोरांचे वेगळे कसे असेल? हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, तिचा गाभाच हातकामातून शिक्षण हा होता. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि श्रमाला शिक्षणात मानाचे पान दिले. अलीकडचे उदाहरण पुणे जिल्ह्यातल्या पाबळचे. तिथे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांनी माध्यमिक शाळांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम तयार केला. त्यात आठवड्यातला एक दिवस मुले वेल्डिंग, वायरिंग, शेती-पशुपालन, आहार-आरोग्य अशी कामे हाताने करतात. त्यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे ही कामे खोटीखोटी नसतात. मुले गावातल्या लोकांची कामे करून देतात. काम बिघडले तर गावकरी बोलतात, चांगले झाले तर पुन्हा येतात. शाळेला गाव लागतो आणि गावाला शाळा लागते, ते असे.

आपल्याच जिल्ह्यात झालेली सुरुवात

बाहेरचे दाखले कशाला, नागरिकत्वाच्या शिक्षणाचा एक मोठा प्रयोग आपल्या बीड जिल्ह्यातच सुरू झाला. 'मूल्यवर्धन' हे नाव शिक्षकांना आणि पालकांना परिचयाचे आहे. शांतिलाल मुथ्था हे मूळचे आपल्याच जिल्ह्यातले. त्यांच्या फाउंडेशनने २००९ साली जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत हा कार्यक्रम सुरू केला. जिल्ह्यातल्या काही शे शाळांत तो काही वर्षे चालला आणि पुढे राज्य शासनाने तो टप्प्याटप्प्याने इतर जिल्ह्यांत नेला. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. बीडमध्ये सुरू झालेली गोष्ट राज्यभर गेली आणि आपल्याच गावांत अनेकांना तिचा गाभा ठाऊक नाही.

तो गाभा असा. संविधानात न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता ही मूल्ये आहेत. परिपाठात प्रास्ताविका म्हणून ती पाठ होतात. पण पाठ होणे निराळे आणि अंगी लागणे निराळे. मूल्यवर्धनात मुले जोडीने, गटाने बसतात, एकमेकांशी बोलतात, खेळतात, आणि वर्गाचे नियम स्वतः बनवतात. 'दुसरा बोलत असताना मध्ये बोलायचे नाही' हा नियम गुरुजींनी फळ्यावर लिहिला तर तो गुरुजींचा. चर्चा करून मुलांनी ठरवला तर तो मुलांचा, आणि मोडणाऱ्याला मुलेच आठवण करून देतात. ग्रामसभेत आपण मोठी माणसे एकाच वेळी ओरडतो, माईक ओढतो, आणि शेवटी रजिस्टरवर सह्या घरपोच होतात, हे पाहिले की हा धडा आपल्या लहानपणी मिळाला असता तर बरे झाले असते असे वाटते.

टाळ्या वाजवणे म्हणजे आवाज नव्हे

मुलांचा आवाज म्हणजे प्रभातफेरीतली घोषणा नव्हे. पाहुणे आले की लेझीम, स्वागतगीत आणि रांगोळी हेही नव्हे. रॉजर हार्ट नावाच्या अभ्यासकाने १९९२ साली युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची एक शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्या त्याने सहभागात धरल्याच नाहीत. त्या म्हणजे मुलांना आपल्या कामासाठी वापरून घेणे, शोभेला उभे करणे, आणि नावापुरते बोलू देणे. आपल्या बहुतेक कार्यक्रमांत पोरे याच तीन पायऱ्यांवर उभी असतात. वरच्या पायऱ्यांवर मुलांना माहिती दिली जाते, त्यांचे मत घेतले जाते, ते निर्णयात धरले जाते, आणि कधी कधी कामाची सुरुवातच मुलांकडून होते.

पोराला काय कळते, असे कोणी म्हणाले तर एक मराठी दाखला लक्षात ठेवावा. १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध छापून आला. तो लिहिणारी मुक्ता साळवे ही पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी चौदा वर्षांची मुलगी होती. तिने आपल्या लोकांवर होणाऱ्या अन्यायाचा जाब धर्माच्या ठेकेदारांना विचारला. पावणेदोनशे वर्षांनीही तो निबंध लोक वाचतात. शाळेतल्या मुलीला आपल्या जगण्यातले बोलू दिले तर काय निघते, त्याचा हा पुरावा आहे.

कायद्याने दार उघडले आहे

गावकारभाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगतो. मुलांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली केला आणि भारताने तो १९९२ साली स्वीकारला. त्याच्या बाराव्या कलमात म्हटले आहे की मुलाशी संबंधित गोष्टीत त्याचे मत ऐकले पाहिजे आणि वय-समज पाहून त्याला महत्त्व दिले पाहिजे.

दुसरी गोष्ट, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आणली. तिच्यात पाऊण हिस्सा पालकांचा आणि निम्म्या महिला. आपल्या राज्याने या समितीत मुलांनाही बसवण्याची तरतूद केली, तीत एक मुलगी हवीच. मुलांना मत नाही, पण बोलता येते. तिसरी, ग्रामपंचायतीचा विकास आराखडा करताना महिलासभेसारखी बालसभाही घ्यायची असते, आणि आराखड्याच्या नऊ विषयांत 'बालस्नेही गाव' हा एक विषय आहे. चौथी गोष्ट पैशाची. ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातली दहा टक्के रक्कम महिला आणि बालकल्याणावर खर्चायची असते.

म्हणजे दार उघडे आहे. पण बालसभेचे रजिस्टर ग्रामपंचायतीच्या कपाटात लिहून ठेवले जाते आणि पोरांना सभा झाल्याचेच ठाऊक नसते, असे किती गावांत चालते ते ज्याने त्याने मनाशी पाहावे.

इतरांनी काय केले

राजस्थानात तिलोनिया येथे बेअरफूट कॉलेज ही संस्था आहे. तिथली पोरे दिवसा शेळ्या राखतात, म्हणून त्यांच्यासाठी रात्रशाळा निघाल्या. १९९० च्या दशकात या रात्रशाळांच्या मुलांनी आपली बालसंसद निवडून आणायला सुरुवात केली. त्यात पंतप्रधान आणि मंत्री मुलेच. शिक्षक वेळेवर येतात का, कंदील आहेत का, पिण्याचे पाणी आहे का, यावर ही मुले लक्ष ठेवतात आणि अडचण मोठ्यांपुढे मांडतात. दिवसा गुराखी आणि रात्री मंत्री असा हा मामला. गंमत वाटते, पण त्या मुलांनी तो गंमत म्हणून केला नाही.

कर्नाटकात कुंदापूर भागात कामकरी मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेने मुलांच्या पंचायती सुरू केल्या. पुढे त्या सरकारनेच ग्रामपंचायतींना मुलांची ग्रामसभा घ्यायला सांगितले. तिथे 'मक्कळ ग्रामसभा' म्हणतात, मक्कळ म्हणजे मुले. पावसाळ्यात ओढा ओलांडून शाळेत जाता येत नाही, साकव बांधा, अशा मागण्या तिथून पुढे येतात. मोठ्यांच्या सभेत रस्ता, गटार आणि सभामंडप यांवर भांडण होते. शाळेच्या वाटेवरचा ओढा कोणाच्या यादीत नसतो, कारण मोठी माणसे तो ओलांडतच नाहीत.

कोयत्याबरोबर जाणारी पोरे

आता आपल्या तालुक्याकडे येऊ. मांजरा नदी आपल्या पाटोदा तालुक्यातच बालाघाटच्या डोंगरात उगम पावते. तरी दुष्काळी वर्षात आपल्याच वाड्या-वस्त्यांना टँकरची वाट पाहावी लागते. रान हलके, पाऊस बेभरवशाचा, म्हणून दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेले कोयते निघतात ते पाडव्याच्या पुढेमागे परततात. काही पोरे आईबापाबरोबर फडावर जातात, काही म्हाताऱ्या आजीजवळ राहतात, काही हंगामी वसतिगृहात. डोमरीच्या सोनदरा गुरुकुलासारख्या निवासी शाळांनी अशा मुलांना वर्षानुवर्षे आधार दिला आहे. पण सगळी पोरे तिथे मावत नाहीत.

शाळेत पोरांना विचारण्याची सर्वांत जास्त गरज इथे आहे. कोण जाणार आणि कोण राहणार हे वर्गातल्या पोरांना मुकादमाच्या आधी कळते. बहीण धाकट्याला सांभाळायला चालली आहे, हे तिची मैत्रीण सांगते. वसतिगृहात रात्री दिवा नाही, मुलींना बाहेर जायची भीती वाटते, भाकरी गार मिळते, हे तिथे राहणाऱ्या पोरांनाच माहीत. तपासणीला आलेला साहेब दुपारी येतो आणि दुपारी सगळे ठीक असते.

म्हणून माझी सूचना आहे की दरवर्षी नवरात्राच्या आधी एक बालसभा घ्यावी आणि तिचा विषय हाच ठेवावा. कोण जाणार, कोणाला थांबायचे आहे, थांबायला काय अडचण आहे. मुख्याध्यापक, शाळा समितीचे अध्यक्ष आणि ग्रामसेवक यांनी नुसते ऐकावे. (हुद्द्याचे नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झाले आहे, पण गावात ते ग्रामसेवकच.) पोर ज्या गावच्या फडावर जाईल तिथल्या शाळेत त्याला बसता यावे म्हणून शिक्षण हमी कार्ड असते. ते त्याच्या हातात देऊन समजावून सांगावे. दहा वर्षांच्या पोराला आपला हक्काचा कागद कोणता हे कळले, तर तो नागरिकशास्त्राच्या पुस्तकापेक्षा मोठा धडा होतो.

शाळेत करण्याजोगी तीन कामे

नुसता उपदेश नको, म्हणून आमच्या खात्याच्या माहितीतली तीन कामे देतो. तिन्हींना खर्च थोडा आहे. प्रत्येक कामात पोरांनी काय ठरवायचे तेही सांगतो, कारण मुद्दा तोच आहे.

पहिले काम, परसबाग. शालेय पोषण आहाराला ताजी भाजी मिळावी म्हणून परसबाग लावायची असते. आधी पोरांना जागा फिरून पाहू द्या. ऊन किती, पाणी कुठून, शेळ्या कुठून येतात, याचे चित्र त्यांनी काढावे. मग पाण्याचा हिशेब त्यांच्यापुढे ठेवा. शंभर पोरांनी जेवणानंतर एकेक लिटर पाण्याने हात आणि ताट धुतले तर शंभर लिटर पाणी होते. भाजीला उन्हाळ-हिवाळ्यात दर चौरस मीटरला दिवसाला चार-पाच लिटर धरले, तर त्या पाण्यावर वीस ते पंचवीस चौरस मीटर, म्हणजे जेमतेम पाव गुंठा बाग जगते. आता पोरांना विचारा, पाव गुंठ्यात काय लावायचे? मेथी महिनाभरात निघते, कोथिंबीर चाळीस दिवसांत, गवार-भेंडी पन्नास दिवसांच्या आसपास सुरू होते. जूनच्या शेवटी लावले तर कोयता हलायच्या आत दोन-तीन पिके पोरांच्या ताटात येतात. जो जाणार आहे त्याने लावलेले त्याला खाता येईल, हा विचार पोरे स्वतः करतात. मोठ्यांना तो सुचत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत जगेल असे शेवगा आणि कढीपत्त्याचे एखादे झाड सांडपाण्यावर धरावे. जाणाऱ्या पोराचा वाफा कोणी सांभाळायचा हेही वर्गानेच ठरवावे आणि वाफ्यावर त्याच्या नावाची पाटी तशीच ठेवावी. परत आल्यावर वर्गात आपली जागा आहे, हे त्याला त्या पाटीवरून कळते.

दुसरे काम, पाऊस मोजणे. तळ सपाट आणि बाजू सरळ असलेला डबा उघड्यावर, झाडा-भिंतीपासून लांब ठेवावा. रोज सकाळी साडेआठ वाजता पट्टीने पाणी मोजावे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. शाळेचे पत्र्याचे छत वीस फूट बाय तीस फूट असेल तर ते सुमारे छप्पन्न चौरस मीटर होते. वीस मिलिमीटरच्या एका पावसात त्यावरून हजार लिटरच्या वर पाणी वाहून जाते. गणित पाचवी-सहावीचे आहे, पण उत्तर पाहून पोर विचारते, ''मग गुरुजी, ह्ये पाणी आपण धरीत का नाही?'' हा प्रश्न बालसभेत आला की ग्रामपंचायतीला पन्हाळ आणि टाकीचा विचार करावाच लागतो. शेजारच्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, हिवरे बाजारने पाऊस मोजून, पाण्याचा ताळेबंद गावापुढे मांडून पिके ठरवली, हे आपण जाणतो. आपल्या शाळेच्या फळ्यावर रोजचा पाऊस लिहिला गेला तर ताळेबंदाची पहिली ओळ लिहून झाली. महसूल मंडळात चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. पोरांचा डबा सरकारी पंचनाम्यात चालणार नाही, हे खरे. पण आपल्या शिवारात किती पडला हे गावाला तारीखवार माहीत असेल तर तहसीलला बोलताना माणूस अंदाजाने बोलत नाही.

तिसरे काम, बियाण्याची उगवण तपासणे. घरचे सोयाबीन पेरणारे शेतकरी अनेक आहेत, आणि न तपासता पेरून दुबार पेरणीची पाळी येणारेही आहेत. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींनी शंभर दाणे ठेवावेत, गुंडाळी करून सावलीत ठेवावी, रोज पाणी शिंपडावे आणि सात-आठ दिवसांनी चांगले कोंब मोजावेत. सत्तर आले तर एकरी तीस किलो बियाणे पुरते. साठ आले तर तीसला सत्तरने गुणून साठने भागावे, पस्तीस किलो लागेल. त्याहून फार कमी आले तर ते बियाणे वापरू नये. सुट्टी लागायच्या आत, एप्रिलमध्ये, सातवीच्या पोरांनी हे काम हाती घेतले तर गावाचा फायदा आणि पोरांचे विज्ञान दोन्ही साधते. कोणाकोणाचे बियाणे तपासायचे, निकाल कसा सांगायचा, ज्याचे बियाणे नापास झाले त्याला चारचौघांत सांगायचे की घरी जाऊन, हे पोरांनी ठरवायचे. खरे बोलायचे पण कोणाचा पाणउतारा करायचा नाही, हे नागरिकत्व त्या गोणपाटावर शिकता येते.

या गोष्टी जपाव्यात

पोरांचे ऐकायचे म्हणजे पोरांवर कामे ढकलायची असा अर्थ कोणी काढू नये. परसबागेला खुरपायला रोज दोन तास लावले तर ती मजुरी झाली. औषध फवारणी, विहिरीवर जाणे, विजेची मोटार यांपासून पोरांना लांबच ठेवावे.

दुसरे म्हणजे बालसभेत गावचे राजकारण आणू नये. सरपंचाच्या विरोधातल्या मंडळींनी पोरांच्या तोंडी आपले प्रश्न घातले, किंवा सरपंचांनी आपले कौतुक घातले, तर पोरे ते ओळखतात. त्यानंतर ती बोलायचीच बंद होतात.

तिसरे, शाळेच्या मंत्रिमंडळात मोठ्या घरची, हुशार, धीट पोरेच निवडून येतात. मागच्या बाकावरची, वस्तीवरून येणारी, हंगामात बाहेर असणारी पोरे गप्प राहतात. म्हणून आधी जोडीजोडीने बोलायला लावावे, मग गटात, मग सभेत. चिठ्ठ्या टाकायला एक डबा ठेवावा. मुलींची सभा एकदा वेगळी घ्यावी, म्हणजे शौचालयाचे आणि वाटेवरच्या त्रासाचे प्रश्न बाहेर येतील. हे शिक्षिकेने किंवा अंगणवाडीताईने करावे.

चौथे, शिक्षकांवर आधीच कागदांचा भार आहे. बालसभा म्हणजे आणखी एक नमुना, आणखी एक फोटो असे झाले तर ती मेलीच. महिन्यातून एक तास, एक वही, आणि लिहिणारी पोरे. एवढे पुरे.

उत्तर द्यायला शिका

सर्वांत मोठी जबाबदारी गावकारभाऱ्यांची आहे. पोराने प्रश्न विचारला की त्याला उत्तर मिळाले पाहिजे. 'होईल', 'बघू', 'वर पाठवले आहे' ही उत्तरे पोरांना देऊ नयेत, ती आपण मोठ्यांसाठी राखून ठेवली आहेत. बालसभेनंतर महिन्याच्या आत सरपंच किंवा ग्रामसेवकांनी शाळेत जाऊन तीन गोष्टी सांगाव्यात. कोणती मागणी मान्य झाली, कोणती झाली नाही, आणि का झाली नाही. पैसे नसतील तर नाहीत म्हणावे. किती आले, कुठे गेले ते फळ्यावर लिहून दाखवावे. 'नाही' ऐकून पोर नाराज होते, पण कारण समजले तर ते पुढच्या वेळी दुसरी मागणी आणते. उत्तरच मिळाले नाही तर ते कायमचे गप्प होते, आणि अठरा वर्षांचे झाल्यावर ग्रामसभेला येत नाही. मग आपणच म्हणतो, तरुण पोरांना गावाचे काही पडलेले नाही.

जमत असेल तर ग्रामपंचायतीने महिला व बालकल्याणाच्या रकमेतून दोन-पाच हजार रुपये असे काढावेत की ज्यांचा खर्च बालसभा सुचवील. खर्चाचा ठराव रीतसर ग्रामपंचायतच करील, बिले भाऊसाहेबच ठेवतील. पण चेंडू घ्यायचा, ग्रंथालयाची पुस्तके घ्यायची, मुलींच्या शौचालयाला कडी बसवायची की परसबागेला कुंपण करायचे, हे पोरांनी भांडून, मोजून, मतदान करून सांगावे. ज्या पोरांनी पाच हजारांचा वाद नीट मिटवला, ती उद्या पंधरा लाखांचा आराखडा डोळे उघडे ठेवून वाचतील.

शेतकरी बंधूंनो, पालक म्हणून आपलेही काम आहे. पोर शाळेतून आले की किती मार्क पडले हे आपण विचारतो. त्याच्या जोडीला, आज शाळेत काय ठरवले, हेही विचारत जा. येत्या महिन्यात शाळा समितीची बैठक असेल तेव्हा बालसभेची वही मागून पाहा. वही कोरी असेल तर त्याच बैठकीत तारीख ठरवा, आणि पहिल्या सभेचा विषय मोठ्यांनी न देता पोरांनाच निवडू द्या.